लाल दोऱ्याची ब्रोकोली

फार पूर्वी समुद्रकाठच्या एका गावात एक बाग होती आणि त्या बागेला एकच नियम होता: वाफ्यातला सर्वांत चांगला गड्डा कोणी खायचा नाही.

बाग ब्रोकोलीची होती. हे नाव या भाजीला फार पुढे, दुसऱ्या देशात मिळाले; त्याचा अर्थ ‘कोवळे धुमारे’ एवढाच. गावात तिला नुसती ‘हिरवी भाजी’ म्हणत. आपण ब्रोकोलीच म्हणू.

ही भाजी कोणा देवाने प्रसन्न होऊन दिलेली नव्हती. गावाबाहेर समुद्रावर झुकलेला एक पांढरा कडा होता. त्याच्या कपारींत रानकोबी उगवत असे: जाड निळसर पानांची, कडूजार, शेळीनेही तोंड फिरवावे अशी. कोणे एके काळी एका माळणीला तिथे एक रोप दिसले, ज्याच्या कळ्या इतरांपेक्षा किंचित जाड होत्या. तिने त्या खाल्ल्या नाहीत. तिने त्या फुलू दिल्या, पिवळी फुले गळू दिली, शेंगा वाळू दिल्या आणि बी घरी आणले. त्या बियांतून आलेल्या रोपांमधून तिने पुन्हा जाड कळ्यांचीच रोपे राखली. ती वारली. तिच्या सुनेने तेच केले. तीही वारली. अशा कितीतरी सुना सासवा झाल्या आणि गेल्या, तेव्हा कुठे त्या कडूजार रोपाला मुठीएवढा गोडसर गड्डा धरला. कोबी, फुलकोबी, नवलकोल ही सारी त्याच रानरोपाची भावंडे. कोणी त्याचे पान निवडले, कोणी खोड निवडले. या घराने कळी निवडली. ब्रोकोलीचा गड्डा म्हणजे न उमललेल्या शेकडो कळ्या, आणि त्यांच्यामागे असंख्य बायकांनी गिळलेला मोह.

म्हणून नियम होता. दर हंगामात सर्वांत भरदार गड्ड्याच्या देठाला लाल दोरा बांधला जाई. त्या रोपाला घरात ‘सासूबाई’ म्हणत, कारण उत्तम खत तिला, पहिले पाणी तिला आणि तिला हात लावायची कोणाची छाती नाही. एकटी सासूबाई मात्र बी धरत नाही; तिला शेजारच्या रोपांचे पराग लागतात. त्यामुळे तिच्या आजूबाजूची चांगली रोपेही राखली जात. त्या तिच्या ‘जावा’. आणि पांढऱ्या कड्याला म्हणत ‘सासूबाईंचे माहेर’. हंगाम संपत आला की घरातली थोरली बाई त्या माहेरी जाई आणि शेंगा वाळेपर्यंत तिथेच राहून रानरोपांची खुशाली पाहून येई.

या गोष्टीच्या वेळी बागेत एक म्हातारी माळीण आणि तिची सून अशा दोघी होत्या.

म्हातारी मोजके बोलत असे. गलबते परत आली की महिनोन्महिने वाळके अन्न खाल्लेले खलाशी तिच्या दारात येत. त्यांच्या हिरड्या सुजलेल्या असत, थुंकीत रक्त असे. त्या खाऱ्या, कोरड्या किनाऱ्यावर लिंबू होत नसे, आवळा होत नसे. म्हातारी त्यांना ब्रोकोली देई आणि कशी करायची तेही सांगे: चिरायची, थोडा वेळ तशीच ठेवायची, मग दोन वाफा आणायच्या, शिजवून लगदा करायचा नाही. काही दिवसांत रक्त थांबे. आज आपण ज्याला ‘क’ जीवनसत्त्व म्हणतो, ते ब्रोकोलीत भरपूर असते आणि फार उकळले की त्याचा बराच भाग नाहीसा होतो. पण म्हातारीला हे नाव ठाऊक नव्हते. तिला जेवढे ठाऊक होते तेवढेच ती सांगे.

“हिरड्यांचं रक्त थांबतं. पोट साफ राहतं. वाढत्या पोरांना बरी. याच्यापुढचं मला माहीत नाही.”

हे शेवटचे वाक्य ती प्रत्येक वेळी म्हणे. सुनेला त्या वाक्याचा राग येई.

तिच्या रागाला कारण होते. बाजारात टोपली घेऊन ती बसायची, म्हातारी नव्हे. खलाशी सोडले तर गावातले कोणी तिच्याकडे फिरकत नसे.

“काय गं, आज झाडाची पिल्लं आणलीस का?” शेजारची वांगीवाली विचारी.

“शेळीला घालू की नवऱ्याला?” एखादे गिऱ्हाईक हसे.

“नवऱ्यालाच घाल बाई. शेळी खात नाही!” दुसरे त्याला म्हणे.

सारा बाजार हसत असे. सून उरलेली टोपली डोक्यावर घेऊन घरी येई आणि सासूला म्हणे, “आत्याबाई, तुम्ही जरा मोठ्यानं कौतुक केलंत तर काय बिघडेल?”

“भाजी आहे, सूनबाई. तिचं कौतुक ताटात होतं. चावडीवर नाही.”

मग एके दिवशी नगरशेठच्या आईचा ताप उतरला.

ताप उतरला तेव्हा त्या बाईंनी वैद्यांचा काढा घेतला होता, देवीला नवस बोलला होता, त्यांची भांडखोर जाऊ माहेरी गेली होती आणि आदल्या दिवशी त्यांनी ब्रोकोली खाल्ली होती. शिवाय तो ताप उतरायचाच होता. श्रेय मात्र ब्रोकोलीला मिळाले, कारण बाकी सगळे जुने होते आणि ती त्या घराला नवीन होती.

नगरशेठने खूश होऊन दवंडी पिटवली. दवंडीवाल्याला पोचवायला एक वाक्य दिले होते. पण रिकाम्या चौकात एकच वाक्य ओरडणे त्याच्या जिवावर येत असे.

वेशीपाशी तो ओरडला, “ऐका हो ऐका! हिरव्या भाजीनं मोठ्या शेठाणीचा ताप उतरला!”

देवळापाशी तो म्हणाला, “हिरव्या भाजीनं सगळे ताप उतरतात!”

पाणवठ्यावर बायकांची गर्दी होती. तिथे ब्रोकोलीने आंधळ्याला दिसू लागले, टकलाला केस आले आणि परागंदा नवरा घरी परतला. “आणि कडू औषधं सोडा!” त्याने ठोकून दिले. “जितका मोठा गड्डा, तितका मोठा गुण!”

ऐकणाऱ्यांपैकी एकीनेही विचारले नाही, की बाबा रे, हे तुला कोणी सांगितले? ज्याने त्याने ते पुढच्याला सांगितले, आणि सांगताना आपण पुण्य करतो आहोत, असा प्रत्येकाचा चेहरा होता.

दुसऱ्या दिवशी बागेच्या फाटकाशी रांग लागली. वांगीवालीही रांगेत होती. “माळीणबाई,” ती गोड आवाजात म्हणाली, “माझे गुडघे धरलेत गं. एक मोठासा गड्डा दे.”

जिला कोणी कधी ‘बाई’ म्हटले नव्हते, तिला आज ‘माळीणबाई’ म्हटले गेले. सुनेचे मन भरून आले. तिने गड्डा दिला.

म्हातारीने ते पाहिले. ती कड्यावर जायला निघाली होती; शिदोरी बांधता बांधता ती थांबली.

“तो दवंडीवाला काय बरळतो आहे, ऐकलंस? जा आणि त्याला गप्प कर.”

“मी कुठं काही खोटं बोलले, आत्याबाई? तो बोलतो आहे.”

“तो बोलतो आहे आणि तू गप्प आहेस. गावाला वाटतं, माळीण गप्प आहे म्हणजे खरंच असणार.”

“इतकी वर्षं हसत होते ते! आता चार दिवस मान दिला, तर तुमच्या पोटात का दुखतं?”

म्हातारीने शिदोरीची गाठ आवळली. “मान तुला नाही, त्या थापेला आहे. माझ्या येण्याआधी सगळ्यांना खरं सांग. आणि सासूबाईंना हात लावू नकोस.” एवढे बोलून ती कड्याची वाट चढू लागली.

सुनेने सगळ्यांना खरे सांगितले नाही. उलट मागणीला भाजी पुरेना म्हणून चुलीजवळ टांगलेल्या वाळक्या भोपळ्यातले राखीव बी काढून तिने नवे वाफे पेरले. भोपळा रिकामा झाला.

गावात एक वैद्य होता. तो शिकलेला होता आणि चिडका होता. त्याने चौकात उभे राहून सांगितले, “भाजी ही भाजी आहे आणि औषध हे औषध आहे. भाजी जरूर खा. औषध सोडू नका!”

“वैद्यबुवांचा धंदा बसायला लागलाय!” गर्दीतून कोणी ओरडले, आणि सगळे हसले. जो खरे सांगतो त्याचा त्यात काय स्वार्थ आहे, हे लोकांना लगेच दिसते. जो थापा मारतो त्याला हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आता या गोष्टीतले एकमेव नाव सांगितले पाहिजे. बाकी कोणाला नाव नाही, कारण तशी माणसे प्रत्येक गावात असतात. पण बकुळी एकच होती. ती कासारणीची लेक. आईबरोबर दारोदार फिरे आणि बांगड्या भरून घेणाऱ्या बायकांना म्हणे, “मूठ सैल सोडा, मग हात दुखत नाही.” तिला एकाआड एक दिवस हुडहुडी भरवणारा ताप येत होता. वैद्याने कडू सालीचा काढा सुरू केला होता आणि तापाच्या दोन पाळ्यांमधले दिवस वाढू लागले होते. मात्र काढा घेतला की बकुळी ओकत असे, रडत असे, आईचे हात ढकलत असे.

कासारणीने पाणवठ्यावरची दवंडी ऐकली होती. पण ती उतावळी नव्हती. ती आधी विचारायला आली.

फाटकाशी गर्दी होती. कासारीण सगळ्यांच्या मागे उभी राहिली. पाळी आल्यावर तिने हळूच विचारले, “माळीणबाई, एक विचारते. लेकीला साल सोसत नाही गं. ओकते. साल बंद करून नुसती ही भाजी दिली, तर ताप जाईल का?”

उत्तर सुनेला माहीत होते. रोज कानांवर पडून पाठ झालेले वाक्य ओठांवर आले: याच्यापुढचं मला माहीत नाही. पण कासारणीच्या मागे सारा बाजार उभा होता. वांगीवाली होती, नगरशेठचा गडी होता. हे वाक्य उच्चारले, की हातांतल्या टोपल्या खाली ठेवल्या जाणार होत्या. पुन्हा तेच हसणे, पुन्हा झाडाची पिल्ले.

“लोक म्हणतात, जातो,” ती म्हणाली.

“लोकांचं राहू दे. तू काय म्हणतेस? पिकवतेस तू.”

“एवढे सगळे लोक खोटं का बोलतील?”

कासारणीने सुटकेचा श्वास सोडला. मग तिची नजर वाफ्याच्या मधोमध गेली. “मग तो दे. दोरा बांधलेला. सर्वांत मोठा आहे ना? माझं दुखणंही मोठं आहे.”

आता ‘नाही’ म्हणायचे, तर ‘का नाही’ तेही सांगावे लागणार होते. सुनेने विळा घेतला. सासूबाईंच्या देठाला बांधलेला लाल दोरा मातीत पडला. गर्दीने “वा!” म्हटले, आणि मग जावाही कापून दिल्या गेल्या, एकीला मिळाले, तर दुसरीला का नको?

कासारणीने काढा बंद केला. सासूबाईंचा गड्डा तिने उकळला, गाळला आणि ते पाणी वाटी-वाटीने लेकीला पाजले. ते कडू नव्हते. बकुळी ते मुकाट प्यायली आणि आईला म्हणाली, “हे बरं आहे. हेच देत जा.”

ताप परत आला तो दुप्पट होऊन. वैद्याला बोलावले तेव्हा उशीर झाला होता. त्याने नाडी धरून विचारले, “साल कधी बंद केली?” त्या दिवशी दुपारी बकुळी गेली.

पुढच्या बाजाराच्या दिवशी कासारीण आली. तिच्या हातात रिकामी वाटी होती. ती सरळ सुनेच्या टोपलीसमोर उभी राहिली.

“मी... मला वाटलं...” सुनेने सुरुवात केली.

“मी तुझ्याकडे औषध मागितलं नव्हतं,” कासारीण म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सुनेला बरे वाटले असते. “मी तुला विचारलं होतं. गावात एवढी माणसं बडबडत होती, म्हणून मी जिला ठाऊक आहे तिच्याकडे आले होते. तू ‘नाही’ म्हणाली असतीस, तर मी लेकीचं नाक दाबून साल पाजली असती.”

तिने वाटी टोपलीत ठेवली आणि ती निघून गेली.

त्यानंतर गावाने जे केले ते गाव नेहमी करते. “विष आहे विष!” पहिली वांगीवाली ओरडली. दवंडीवाला तोच होता, डफही तोच होता. “ऐका हो ऐका! हिरवी भाजी जिवावर उठली!” ज्यांनी रांगा लावल्या होत्या, तेच काठ्या घेऊन बागेत शिरले. कापलेल्या सासूबाईंच्या बुंध्याला बाजूने नवे धुमारे फुटू लागले होते. ते राखले असते, तर बी धरण्याची आशा होती. ते उपटले गेले. जावांचे बुंधे उपटले. नवे वाफे तुडवले. वैद्य धावत आला. “अरे मूर्खांनो, भाजीनं काय केलं? खोटं तुम्ही बोललात, आणि मारता तिला?” त्यालाही ढकलून दिले. पणजीच्या पणजीपासून राखलेले सगळे एका सकाळीत चिखलात गेले.

गलबते परतली. नेहमीसारखे खलाशी फाटकाशी आले. हिरड्या सुजलेल्या, ओठांवर रक्त. तांडेल म्हणजे त्यांचा म्होरक्या. त्याने उजाड वाफे पाहिले. “भाजी कुठं आहे गं पोरी?”

सुनेने तुडवलेल्या चिखलाकडे बोट केले. त्या वर्षी सगळे खलाशी बरे झाले नाहीत.

म्हातारी कड्यावरून आली ती गलबते परतली त्याच संध्याकाळी. ती वाफ्यांमधून एकदा फिरली, मातीतला लाल दोरा उचलला आणि घरात आली. सून तिच्या पायांशी कोसळली.

“आत्याबाई, माझं चुकलं.”

“बकुळीच्या आईला सांगितलंस?”

“नाही.”

“मग मला कशाला सांगतेस? मी माफ केलं की तुला हलकं वाटेल, म्हणून?” म्हातारीने तो दोरा तिच्या अंगावर फेकला. “मी माफ करणार नाही. रडून झालं की टोपली घे आणि कड्यावर चढ. शेंगा वाळल्या आहेत.”

सून आधी कासारणीच्या दारी गेली. दार उघडले नाही. मग ती कड्यावर चढली. कपारींत हात घालून तिने रानकोबीच्या शेंगा काढल्या, बी आणले, पेरले. उगवले ते निळसर आणि कडूजार. त्यातले किंचित जाड कळ्यांचे एक रोप तिने निवडले आणि त्याला तोच मळका लाल दोरा बांधला.

वर्षे गेली. म्हातारी वारली. सुनेचे केस पिकले. कळ्या अजून करंगळीएवढ्याच होत्या आणि कडूपणा तसूभरच कमी झाला होता. वाटसरू विचारत, “बाई, ही कशावर चालते?”

“अजून कशावरच नाही,” ती म्हणे.

कासारीण बांगड्यांची माळ खांद्यावर टाकून त्याच वाटेने जात असे. ती कधी थांबली नाही, तिने कधी वळून पाहिले नाही. पण एका सकाळी ती कुंपणाशी थांबली. वाटेवर चार माणसे होती. तीही कुतूहलाने थांबली.

“मुठीएवढा गड्डा पुन्हा कधी धरेल?” कासारणीने विचारले.

सुनेने मातीतून हात काढले आणि सगळ्यांदेखत म्हटले, “माझ्या हयातीत नाही. माझ्या सुनेच्याही नाही. त्याच्यापुढचं मला माहीत नाही.”

“म्हणजे येतं तुला बोलता,” कासारीण म्हणाली, आणि बांगड्यांची माळ सावरत पुढे निघून गेली.

तात्पर्य: चांगल्या गोष्टीचे खोटे गुण गाणारा तिचा मित्र नसतो, तो तिचे खरे गुणही मारून टाकतो. आणि ज्याला खरे ठाऊक आहे, त्याने ‘लोक म्हणतात’ असे उत्तर दिले, तर ते खोटेच असते.